जाऊबाईंच्या बुडीचा विमा

आमच्या थोरल्या जाऊबाई पोहण्याच्या तलावावर नोकरीला आहेत. बायकांच्या वेळेला लॉकरच्या किल्ल्या द्यायच्या, ओल्या फरशीवर कुणी धावलं तर ओरडायचं आणि पाण्यात पडलेल्या वस्तू काढून द्यायच्या, हे त्यांचं काम. पहिली दोन कामं नेमणुकीच्या कागदात आहेत. तिसरं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

पाण्यात काय काय पडतं ते मला त्यांच्यामुळे कळलं. कानातली, अंगठ्या, केसांच्या पिना हे रोजचंच. एकदा एका बाईंची कवळी पडली. त्या काठावर तोंड घट्ट मिटून उभ्या, हातांनी खुणा करताहेत आणि कुणाला काही कळेना. जाऊबाईंनी त्यांच्या गालांकडे एकवार बघितलं आणि सरळ खाली गेल्या. वर आल्या त्या मूठ झाकून. नळाखाली धुऊन, टॉवेलात गुंडाळून ती वस्तू हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही घ्या तुमची किल्ली. नीट आत ठेवा." त्या बाई आजही जाऊबाईंना बघितलं की सगळे दात दाखवून हसतात.

बुडी मारायची त्यांची एक रीत आहे. आधी काठाला धरून शांत उभ्या राहतात, डोळे मिटतात, खांदे सैल सोडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. विचारलं तर म्हणाल्या, "घेते की. आणि श्वासही भरून घेते. दोन्ही एकदम केलेलं देवाला चालतं." मग नाक चिमटीत धरून पाण्याचा आवाजही न होऊ देता खाली. तळाला गेल्या की फरशी फरशी बोटांनी चाचपत जातात, घरात अंधारात काडेपेटी शोधावी तशा. वर बायका जीव मुठीत धरून उभ्या. एखादी नवीन आलेली बाई हमखास किंचाळते, "अहो, त्या वर येत नाहीयेत!" जुन्या बायका तिला गप्प करतात, "येतील. घाई केली की कानातलं सापडत नाही."

सगळे त्यांना बुडीमावशी म्हणतात. थोरले भाऊजी असतानाही म्हणायचे. भाऊजी आजारपणात गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. जाऊबाईंनी नोकरी सोडली नाही, लेकीला शिकवलं, आणि आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिल्या. स्वयंपाकघर एकच. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं त्यांना स्वतःलाही नसेल.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे जात नाही.

आमचे हे विम्याचे एजंट. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. काच लावलेलं टेबल, त्या काचेखाली डॉक्टरांची आणि मेकॅनिकची कार्डं, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं वाक्य: लपवाल तर बुडाल. ह्यांचं काम चोख. गिऱ्हाइकाची सही घेण्याआधी हे क्लेमची तालीम घेतात. म्हणजे काय, तर नवऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, "तुम्ही गेलात. आता बोलायचं नाही." मग बायकोकडे वळायचं. "बाई, मी कंपनी. मयताला काही आजार?"

बायको म्हणते, "नाही हो, धडधाकट होते."

"गोळ्या वगैरे?"

बायको नवऱ्याकडे बघते. नवरा हळूच मान हलवतो.

"मयताने मान हलवू नये!" हे ओरडतात. एवढ्यात बायकोच्या तोंडून निघून जातं, "रक्तदाबाची तेवढी घेतात, सकाळी चहाबरोबर." झालं. ते अर्जात लिहिलं जातं. एक निवृत्त मास्तर तर स्वतःच्या मरणाच्या तालमीत इतके रडले की मला पाणी घेऊन जावं लागलं. पण ह्यांच्या गिऱ्हाइकाचा क्लेम कधी अडकला नाही, हेही खरं. गल्लीत ह्यांना विमासाहेब म्हणतात ते उगीच नाही.

तर जाऊबाईंची लेक परदेशात, समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरीला लागली. हॉटेलाच्या चादरी नि टॉवेल धुण्याचा जो विभाग असतो, त्याची ती मुकादम. हॉटेलाच्या शेजारीच एक शाळा आहे. बुडी मारायची शाळा. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही, नुसता श्वास धरून दोरीच्या आधाराने खाली जायचं आणि वर यायचं. लोक हौसेने शिकतात म्हणे. लेकीने एकदा फोनवर ते सगळं दाखवलं. जाऊबाई फोन नाकाला लावून बघत होत्या.

"खाली फरशी कुठली गं त्यांच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आई, समुद्र आहे तो! फरशी कुठून असणार? वाळू असते. खडक, मासे."

जाऊबाईंनी फोन माझ्या हातात दिला. पण त्यानंतर दोन दिवस त्यांच्या हातून आमटीत मीठच पडेना. तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला फरशी नसलेलं पाणी बघायचंय."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"इतकी वर्षं त्याच पांढऱ्या फरशा, मध्ये काळा पट्टा," जाऊबाई म्हणाल्या. "कुठल्या फरशीचा टवका उडालाय तेही मला पाठ आहे. लेक तिकीट काढतेय. शाळेत नाव घालायचं म्हणतेय. फक्त शाळा म्हणते, ह्या खेळाचा विमा उतरवून आणा, नाहीतर पाण्यात पाय ठेवू देणार नाही. भाऊजी, तेवढं तुमच्याकडे."

"वहिनी, तुमचं वय काय, हे काय?"

"माझं वय तुम्हाला माहीत आहे, दर वर्षी तुम्हीच माझ्या पॉलिसीत लिहिता."

"नळी नाही, टाकी नाही, आणि समुद्रात खाली जायचं? ह्याला तिकडे खेळ म्हणतात? आमच्याकडे ह्याला दुसरं नाव आहे."

"काय?"

"क्लेम."

मी हसू दाबायला पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने उठले. जाऊबाई शांतपणे भात कालवत होत्या. "मग काढून द्या की विमा. क्लेम करायला मी येणार नाही, एवढं वचन देते."

जेवणं झाल्यावर हे माझ्यामागे ओट्यापाशी आले. ह्यांना काही कट करायचा असला की हे ओट्यापाशी येतात. म्हणाले, "मी नाही म्हटलं तर मी वाईट होणार. दादाच्या मागे वहिनीची एक हौस पुरवली नाही, असं लोक म्हणणार. मी कशाला नाही म्हणू? कंपनी म्हणेल."

"कंपनी का म्हणेल?"

"अगं, तीस वर्षं हेच बघतोय. जितका धोका मोठा, तितका नकार लवकर. विजेच्या खांबावर चढणारा तो वायरमन आठवतो? अर्ज गेला आणि आठवड्यात परत आला. वहिनींचं असं काही दणदणीत लिहू की कंपनी घाबरून दार लावून घेईल."

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला बसलो. टाईप मी करते, कारण ह्यांची दोन बोटं कीबोर्डवर कोंबडी दाणे टिपते तशी चालतात.

"हा खेळ किती वर्षांपासून खेळता?" मी वाचलं.

"वीस. समुद्रात."

"अहो, त्यांनी समुद्रात अजून पाऊलसुद्धा..."

"टाईप कर."

"किती खोलपर्यंत?"

"तीस मीटर."

"तीस मीटर म्हणजे केवढं हो?"

ह्यांनी छताकडे बघितलं. "आपल्या घरावर अशी दहा घरं रचली तर."

मी मनात म्हटलं, देवा, बोटं माझी असली तरी शब्द ह्यांचे आहेत, एवढं लक्षात ठेव. आणि केलं टाईप. पण पुढचा प्रश्न आला: एकट्याने बुडी मारता का? इथे खरं तर ह्यांनी हो म्हणायला हवं होतं. एका होकारात काम फत्ते झालं असतं. पण हे खुर्चीत ताठ झाले.

"एकट्याने? आमच्या वहिनी काय वेड्या आहेत? लिही, कधीच नाही. सोबत माणूस असतोच."

"दारू पिऊन?"

"जीभ झडेल त्या कंपनीची! लिही, नाही."

"पैजेखातर, विक्रम करायला?"

"नाही, नाही, नाही. एकदाच लिहिता येतं का? बरं, एकदा लिही. आणि त्या खालच्या रिकाम्या जागेत लिही, स्वभावाने अत्यंत शांत, नियम पाळणाऱ्या, वेळेवर वर येणाऱ्या."

"अहो, अर्ज नापास करायचाय ना तुम्हाला?"

"त्याचं काय! धोका तीस मीटरचा लिहिलाय तो पुरे. म्हणून काय दादाच्या बायकोला मूर्ख ठरवायचं?"

मी म्हटलं बरं.

नापास काय होतोय! चारच दिवसांत उत्तर आलं. कंपनीने अभिनंदन केलं होतं. अनुभवी, शिस्तीची, सोबत्याशिवाय पाण्यात न उतरणारी, पैजेच्या वाटेला न जाणारी व्यक्ती अशा बुडीसाठी अगदी योग्य. तीस मीटरपर्यंत विमा मंजूर. हे ते वाचून स्क्रीनसमोरून उठलेच नाहीत. खांबावर चढणाऱ्याला जे गणित लागतं ते हौसेने बुडी मारणाऱ्याला लागत नाही, हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. असल्या खेळात कंपनी खोल जाणाऱ्या नवख्यालाच जास्त घाबरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि त्याहून वाईट म्हणजे आता जाऊबाई जाणार होत्या, आणि जाणार होत्या अशा कागदावर, की काही बरंवाईट झालं तर त्याची किंमत रद्दीइतकी. हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते वाक्य तर ह्यांच्याच भिंतीवर होतं.

जाऊबाईंनी कागद कपाळाला लावला आणि बॅग काढली. ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोटात गॅस आहे.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने तलावावर गेले. बायकांची वेळ संपली होती. जाऊबाई कपडे बदलायच्या खोलीत विसरलेले टॉवेल गोळा करत होत्या. मी बाकावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वीस वर्षं, तीस मीटर, दहा घरं, सगळं.

त्या आधी इतक्या हसल्या की हातातले टॉवेल पुन्हा जमिनीवर पडले. "दहा घरं! अगं, मला आपल्या माळ्यावर चढायचं तर शिडी धरायला तू लागतेस!" मग डोळे पुसले. बराच वेळ एका टॉवेलाची घडी घालत राहिल्या.

"म्हणजे हा कागद खोटा," त्या म्हणाल्या.

"शाळा काही तपासत नाही म्हणे. कागद दिसला की पुरे."

"शाळा नाही तपासत, पण पाण्यात उतरताना मी नाव कुणाचं घेते? खोटं खिशात ठेवून त्याचं नाव कसं घेऊ?" मग जरा वेळाने, हळूच, "पण मला जायचंय गं. फार जायचंय."

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. भाऊजी गेले तेव्हाही त्या असं काही बोलल्या नव्हत्या. मीही एक टॉवेल घडी करायला घेतला. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर तसलं हसू उमटलं होतं, किल्ली म्हणून कवळी देताना असतं तसलं.

संध्याकाळी हे ऑफिसात एकटेच होते. जाऊबाई आत आल्या. एरवी त्या ऑफिसात पाऊल टाकत नाहीत. आल्या त्या टेबलापलीकडे गेल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "भाऊजी, उठा. इकडे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसा."

"का?"

"तालीम. सगळ्यांची घेता, माझी घेतली नाहीत. घरचं म्हणून सूट नको. मी गेले. पण मेलेल्या माणसाचं काम मला जमायचं नाही, म्हणून मी कंपनी होते. तुम्ही घरचे."

हे बसले. बसताना खुर्ची कुरकुरली की हे, ते कळलं नाही. मी दारात उभी.

जाऊबाईंनी ह्यांचा चष्मा उचलून नाकावर लावला. "मयत आपल्या कोण?"

"वहिनी, हे काय..."

"मयताशी बोलू नये. मी कंपनी आहे. मयत आपल्या कोण?"

"थोरली वहिनी."

"वीस वर्षं समुद्रात बुड्या मारत होत्या म्हणे. कुठल्या समुद्रात?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"समुद्राचं नाव तरी सांगा. नाही? बरं. सोबतीला कोण असायचं?"

"असायचं कुणीतरी."

"तुम्ही का?"

"मला कुठं पोहता येतं!"

"लिहून घेते. साक्षीदाराला पोहता येत नाही. आता असं बघा, मयताची लेक परक्या देशात हॉस्पिटलच्या दारात उभी आहे. तिथली माणसं विमा मागताहेत. कंपनी म्हणते, आईने खोटं सांगितलं. त्या पोरीने काय उत्तर द्यायचं? माझी आई खोटारडी होती, असं?"

हे काचेखालची कार्डं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "नका जाऊ ना वहिनी. दादाच्या मागे घरात मोठं माणूस म्हणून तुम्हीच आहात. मी चुकलो तर मला रागावणारं दुसरं कोण आहे? ही तर नुसती मान हलवते."

मी मान हलवायचं थांबवलं.

जाऊबाईंनी चष्मा काढला. मग त्या म्हणाल्या, "हे आधी जेवताना म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं कदाचित. आता नाही ऐकायची. आता कंपनीला फोन लावा, खरं काय ते सांगा. त्यावर कंपनी नाही म्हणाली तर मी बॅग माळ्यावर टाकीन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

"वहिनी, माझं लायसन..."

"स्पीकरवर लावा."

फोन लागला. पलीकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची. ह्यांनी घसा साफ केला, अर्जाचा नंबर सांगितला आणि म्हणाले, "त्यात थोडी दुरुस्ती आहे."

"सांगा सर."

"समुद्रातला अनुभव वीस वर्षं लिहिलाय. तो जरा कमी आहे."

"किती सर?"

"समुद्र त्यांनी... पाहिलेला आहे."

"एकदाच," जाऊबाई मागून म्हणाल्या. "तोही बसच्या खिडकीतून."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. "आणि खोली सर? तीस मीटर?"

"खोली तलावाची. जिथे पोहता येणाऱ्यांसाठीच अशी पाटी आहे ते टोक."

"तिथे त्या काय करतात सर?"

"कानातलं शोधतात."

"कुणाचं सर?"

"ज्याचं पडेल त्याचं," जाऊबाई म्हणाल्या. "नोकरी आहे माझी, बाळा. रोजच्या बुड्या मात्र खऱ्या आहेत. त्यातली एकही वाढवून सांगितलेली नाही."

मुलीने विचारलं, "मग अर्जात असं कुणी लिहिलं?"

ह्यांनी डोळे मिटले. "मी. त्यांचा धाकटा दीर. एजंटही मीच. त्यांचा दोष नाही. हा विमा नामंजूर व्हावा असं मला वाटत होतं."

"नामंजूर व्हावा म्हणून सर?" त्या मुलीला बहुतेक असं बोलणारा एजंट पहिलाच भेटला असावा. तिने थांबायला सांगितलं आणि फोनवर गाणं सुरू झालं.

ते गाणं मी जन्मात विसरणार नाही. टिंग टिंग टिंग, पुन्हा तेच. जाऊबाई टेबलाच्या कडेला हात धरून उभ्या होत्या, तलावाच्या काठाला धरतात तशा, पण खांदे मात्र सैल नव्हते. मी मनात देवाला म्हटलं, तू एरवी कुणाच्या कुठल्या फायली बघतोस मला माहीत नाही, पण ही एवढी बघ. हे बोटाने टेबलाची काच पुसत होते. इतकी स्वच्छ ती काच आधी कधी नव्हती.

मुलगी परत आली. "सर, अनुभवी म्हणून दिलेला विमा रद्द करावा लागेल."

जाऊबाईंनी मान खाली घातली. "बरं," त्या म्हणाल्या. "ठेवा फोन, भाऊजी."

आणि काय सांगू, फोनवर आमचे हे तापले! "रद्द करावा लागेल म्हणजे? ताई, तुम्ही नीट विचारलंच नाहीत! आमच्या वहिनी हूं की चूं न करता पाण्यात राहतात, सगळ्या बायकांचा जीव घाबरा होतो आणि ह्यांची नाडीसुद्धा वाढत नाही. शाळेत शिकायला चालल्यात, उड्या मारायला नाही! शाळेतला मास्तर सोबत, दोरी हातात! शिकणाऱ्यासाठी तुमच्याकडे काहीच नाही? तीस वर्षं मी तुमची कंपनी लोकांच्या गळ्यात मारतोय, आणि..."

"सर, मी तेच सांगत होते," मुलगी म्हणाली. "शिकाऊ म्हणून होईल. दहा मीटरपर्यंत. शिक्षक पाण्यात सोबत हवा, दोरी हवी, आणि कान नि छाती तपासल्याचा डॉक्टरांचा दाखला. दोरीवर दहाची खूण असते, तिच्या खाली गेल्या तर मात्र विमा नाही. ह्याचा हप्ताही आधीच्यापेक्षा कमी आहे."

हे तोंड उघडं ठेवून बसले. शिकाऊंचा विमा यादीत पहिल्याच ओळीला होता. ह्यांना नकार हवा होता, म्हणून ह्यांनी सरळ शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

"दहा मीटर म्हणजे किती घरं, भाऊजी?" जाऊबाईंनी विचारलं.

"तीन," हे म्हणाले. "वर थोडा माळा."

जाऊबाई माझ्या गळ्यात पडल्या. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पाठवणार नव्हतात ना? मग एवढं भांडलात कशाला?"

"कंपनी कोण लागून गेली तुम्हाला नाही म्हणणारी!" हे गुरकावले आणि चष्मा शोधायला लागले. तो जाऊबाईंच्या हातात होता.

लायसन राहिलं, पण कंपनीच्या साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं, माफीचं पत्र लिहून घेतलं आणि नवीन एजंटांच्या शिकवणीला बसवलं. आठवडाभर आमचे विमासाहेब नुकतीच मिसरूड फुटलेल्या पोरांमध्ये बाकावर बसून येत. पहिल्याच दिवशी धडा होता, अर्जात खरं का लिहावं. घरी आल्यावर मी विचारलं, काय शिकवलं, तर म्हणाले, "चहा टाक."

डॉक्टरांनी जाऊबाईंचे कान तपासले, छाती तपासली, म्हणाले, "कान एकदम उत्तम आहेत."

"असणारच," जाऊबाई म्हणाल्या. "दिरांचं बोलणं एका कानातून घेते आणि दुसऱ्यातून सोडते. मध्ये काही साठतच नाही."

आणि त्या गेल्या.

तिकडे पोचल्यावर पहिले काही दिवस त्यांना पाण्यात उतरूच दिलं नाही. आधी गादीवर पडून श्वास घ्यायला शिकवलं, मग उथळ पाण्यात. जाऊबाई फोनवर तक्रार करायच्या, "श्वास कसा सोडायचा ते मला शिकवतायत. पोरगा माझ्या लेकीच्या वयाचा. पण शिकवतो गोड. मी मुकाट्याने करते." रोज संध्याकाळी फोन आला की हे लांब बसून पेपर वाचायचे. पेपर उलटा आहे हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

मग एके दिवशी फोन आला तो नेहमीच्या वेळेच्या आधी. लेकीने फोन धरला होता आणि जाऊबाई ओल्या केसांनी, खांद्यावर हॉटेलचा टॉवेल घेऊन, होडीत बसल्या होत्या.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "खाली काही संपतच नाही गं. मी सवयीने बोटं पुढे केली, फरशी लागेल म्हणून. हाताला पाणीच लागलं. मग निळं. मग अजून निळं. एक मासा आला, माझ्याकडे बघितलं आणि गेला, जसं काही मी रोजच येते."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. मग नाव घेतलं. मोकळ्या मनाने घेतलं."

हे पेपर टाकून उठले. माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता विचारतील कशा आहात, जेवलात का.

"वहिनी," हे म्हणाले, "दहाची खूण. हात वर होता की खाली?"

"खुणेवर! मास्तर पाण्यात हातानेच म्हणत होता, मावशी, तुम्हाला जमतंय, अजून थोडं जा. मीही त्याला खुणेनेच सांगितलं, नको. वर आल्यावर बोलले, घरी एक माणूस बसलाय, मी वीतभर खाली गेले तर त्याला पुन्हा शाळेत जावं लागेल."

"नक्की खाली नाही गेलात?"

"मी नाही गेले, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या आणि होडीच्या कडेवरून पुन्हा पाण्यात बघायला लागल्या. "नजर गेली. ती किती मीटर गेली ते तेवढं विचारू नका, त्याचा हप्ता तुम्हाला परवडायचा नाही."